पाणंदीच्या मापाची गाडी

संकेश्वर-बांदा महामार्ग रुंद झाल्यापासून गडहिंग्लज ते आजरा हा प्रवास म्हणून राहिलेलाच नाही. बसलं, चार वळणं घेतली, दोन गाड्यांना बाजू दिली, आलं. या रस्त्यावर कुठलीही गाडी चालते; ज्याच्या खिशाला जी परवडेल ती त्यानं घ्यावी. महामार्ग सोडला की डांबरी फाटा लागतो. फाट्यापुढं गावातला सिमेंटचा रस्ता, त्याच्यापुढं ग्रामपंचायतीनं मुरूम टाकून रोलर फिरवलेला तुकडा, आणि तुकडा संपला की आमची पाणंद. ती ओलांडली की ओढा, ओढ्यावर दोन पाइप टाकून केलेली मोरी, मोरीपलीकडं चढ, चढावर काजू आणि काजूच्या सावलीला घर. पाणंदीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली तर आई घरातून ओ देते, एवढंच ते अंतर. पण गाडी कुठली घ्यायची हे ठरवताना मागच्या सगळ्या गुळगुळीत किलोमीटरांना मताचा अधिकार नव्हता. मत एकट्या पाणंदीचं होतं.

उन्हाळ्यात ती अगदी गरीब असते. तांबडी धूळ, दोन्ही अंगांना निवडुंग आणि करवंदीच्या जाळ्या, मधोमध वाळक्या गवताची पट्टी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजू निघतो, तेव्हा भाड्याचा छोटा हत्तीसुद्धा पोती घेऊन तिच्यावरून खडखडत जातो. (आमच्या भागात खरे हत्तीही येतात, रात्रीचे, उसाच्या आणि केळीच्या ओढीनं, त्यामुळं ‘हत्ती आलाय’ असा फोन आला की आधी कुठला ते विचारून घ्यावं लागतं.) मिरगाचे चार थेंब पडले की पाणंद रंग दाखवायला लागते. धुळीची राड होते. तरणा पाऊस लागला की वरच्या शेतांतलं पाणी पाणंदीतच उतरतं, कारण त्यालाही दुसरी वाट नाही. मग चिखलणीचे ट्रॅक्टर जातात आणि त्यांच्या मोठ्या चाकांनी पडलेली चाकोरी दुसऱ्या कुठल्याच गाडीच्या मापाची नसते. एक चाक चाकोरीत, दुसरं वरंब्यावर, आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासत असतं. म्हातारा पाऊस येईपर्यंत त्या चाकोऱ्यांत बेडकांची पिल्लं पोहत असतात. पाणी तांबडं, आणि किती खोल ते सांगायला तयार नसलेलं.

गाडीचा विषय निघाला की जो तो पहिल्यांदा वजन विचारतो. पोती किती निघतात, ऊस किती, हौद्यात काय काय टाकणार? प्रश्न शहाणपणाचा वाटतो, पण आमच्याकडं वजनाचा हंगाम आणि चिखलाचा हंगाम एकमेकांचं तोंड बघत नाहीत. काजू कोरड्यात येतो. भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे, तीही कोरड्यात. ऊस तर कारखान्याच्या ट्रॉल्यांतून जातो, त्याच्याशी आपल्या गाडीचा संबंध नाही. मग ऐन पावसात पाणंदीवरून जातं काय? दुधाचे दोन कॅन. युरियाची दोन-चार पोती, पंचेचाळीस-पंचेचाळीस किलोंची. गॅसची टाकी. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. शेजारच्या वस्तीवरची दोन पोरं, दप्तर डोक्यावर आणि खोळ दप्तरावर. म्हणजे गाडी जवळजवळ रिकामी.

आणि रिकामी पिकअप ही चिखलातली सगळ्यांत लाचार गोष्ट. इंजिन पुढं, केबिन पुढं, माणसं पुढं. जोर मात्र मागच्या चाकांना, ज्यांच्यावर वजनच नाही. हौदा भरला की पाटे दबतात, मागची चाकं जमिनीला धरून बसतात आणि तीच गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. म्हणून आमच्याकडचे पिकअपवाले पावसाळाभर हौद्यात वाळूची पोती टाकून ठेवतात. उपाय चांगला आहे, जवळपास फुकटातला आहे आणि सपाटीला पुरतो. मोरीपलीकडच्या चढाला पुरत नाही. तिथं वाळूसकट गाडी मागं सरकते.

तेव्हा मला चारही चाकांना जोर हवा होता तो हजार किलो काजूसाठी नव्हे, दोन कॅन दुधासाठी. हे शोरूममध्ये सांगितल्यावर समोरच्या तरुणाला पटलं नाही. फोर बाय फोर म्हणजे डोंगर, नदी, लडाख असं काहीतरी त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शिवाय तो माझ्याशी बोलायचा आणि उत्तराच्या अपेक्षेनं माझ्या मागं बघायचा, तिथं कुणीतरी पुरुष उभा असेल म्हणून. आमचे हे मुंबईला नोकरीला. त्यांनी फोनवर एका वाक्यात विषय संपवला होता: “तुला चालवायची आहे, तूच ठरव.” दुधाचं त्या तरुणाला कळत नव्हतं त्यालाही कारण आहे. ज्याच्या घरी दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येत नाही त्याला हे कळायचं नाही. काजूचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि एकदम येतो, लोकांच्या डोळ्यांवर येतो. दूध गुपचूप घर चालवतं. संस्थेत सकाळी ठरलेल्या वेळेनंतर दूध घेत नाहीत आणि म्हैस पाऊस बघून पान्हा सोडत नाही. गाडी रुतली की कॅन माणसाच्या खांद्यावर जातो, चाळीस लिटरचा, आणि चिखलात पाय घसरला तर दूध आणि माणूस दोन्ही आडवे.

धाकटा भाऊ पुण्यात असतो, त्याला गाड्यांची सगळी वंशावळ पाठ. तो म्हणाला, “ताई, घ्यायचीच तर हायलक्स घे. जगात कुठं अडत नाही.” त्याचं काही चूक नव्हतं. 1968 साली जपानात निघालेली ही गाडी 1979 पासून चारही चाकांच्या जोरावर मिळायला लागली आणि वाळवंटापासून बर्फापर्यंत सगळीकडं तिनं कामं केली. आपल्याकडं ती 2022 साली आली तेव्हा शोरूमचा आकडा 34 लाखांच्या उंबऱ्यावर होता. इंजिन 2.8 लिटरचं, ताकद 204 पीएस, आणि मागच्या डिफरन्शियलला बटण दाबून लॉक लागतं. तेवढ्या पैशात मी पाणंदच सिमेंटची करून घेईन म्हटलं. तरी तो ऐकेना. माहितीपत्रकातलं पुढचं वाक्य त्यानं वाचून दाखवलं: 700 मिलिमीटर पाण्यातून जाते. “म्हणजे बघ, पावसाळ्यात बंधाऱ्यावरनं पण जाशील.”

बंधाऱ्याचं नाव निघालं तिथं मात्र मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. हिरण्यकेशीवरचे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे हे आमचे आठ-नऊ महिन्यांचे पूल. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं आणि वरच्या पट्टीवरून ये-जा करायची. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढून नदीला वाट मोकळी करायची. जुलैत नदी चढते, पाणी पट्टीवरून वाहायला लागतं आणि ‘बंधारा पाण्याखाली’ ही बातमी दरवर्षी त्याच शब्दांत छापून येते. पट्टीला धड कठडा नसतो. पाणी वर आलं की कड कुठं संपते ते दिसत नाही. आणि 700 मिलिमीटरचा तो आकडा उभ्या पाण्याचा आहे, वाहत्या पाण्याचा नाही. फूटभर वाहतं पाणी लहान मोटारीला उचलतं. दोन फुटांचं पाणी पिकअपलाही घेऊन जातं. चार चाकांचा जोर चाकं जमिनीवर टेकलेली असेपर्यंतच. गाडी एकदा तरंगायला लागली की फोर बाय फोर काय आणि हातगाडी काय. भावाला म्हटलं, “बंधाऱ्यावर पाणी आलं की मी रजा टाकणार आणि दूध घरात विरजणार.” त्याला हे गाडीच्या जाहिरातीत कुठं सापडलं नसणार.

इसुझूची व्ही-क्रॉस त्याच्या यादीत दुसरी. 2016 साली आली, आंध्रातल्या श्री सिटीत बनते, दिसायला देखणी आणि महामार्गावर मोटारीसारखी पळते. तिची किंमत हायलक्सएवढी अंगावर येत नाही. तिच्याबद्दल मी मनापासून विचार केला. पण या दोन्ही गाड्या सव्वापाच मीटरच्या पुढच्या, आणि आमच्या पाणंदीत फणस आहे.

फणस पणज्यानं लावलेला. पाणंद त्याच्या बुंध्याला वळसा घालून जवळजवळ काटकोनात वळते, आणि समोरच्या बाजूला दगडाचा गडगा. दोन्ही हलणार नाहीत. फणस आमचा म्हणून आणि गडगा दुसऱ्याचा म्हणून. मी सुंभाची दोरी मोजून कापली, सव्वापाच मीटरची. एक टोक आईच्या हातात दिलं, एक मी धरलं आणि आम्ही दोघी गाडीसारख्या वळायला लागलो. मी पुढं, आई मागं. मी गडग्याला टेकले तरी आई फणसाच्या अलीकडंच, आणि दोरी बुंध्यावर घासून साल सोलायला लागलेली. “मागं घे, मागं घे,” आई ओरडली, आणि मग आम्हा दोघींना हसू आवरेना. खरी गाडी अशी मागं-पुढं करत निघेलही, सुक्यात. भर पावसात, मागं ओढ्याचा उतार आणि आरशावर पाणी असताना रोज सकाळी तीनदा मागं-पुढं करायची माझी तयारी नव्हती. मग दोरीला पाच मीटरच्या आतली गाठ मारली. गाठ धरून आई फणसापासून हातभर लांबून सुटली.

एवढ्यावर यादी आपोआप आखूड झाली. टाटांची योद्धा फोर बाय फोरमध्ये मिळते, दणकट आहे, पण आमच्या आसपास तशी गाडी कुणाकडं नव्हती, आणि जी गाडी दुरुस्त करणारा हात जवळ नाही ती मी नवी कोरी असली तरी घेत नाही. उरली बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोरची. पाच माणसांची केबिन, मागं हौदा, कागदावर हजार किलोचा माल, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. ताकद हायलक्सच्या निम्म्याहूनही कमी. रूपाबद्दल न बोललेलं बरं; 2000 साली बोलेरो आली तेव्हाचा चौकोनी चेहरा तिनं फारसा सोडलेला नाही.

गडहिंग्लजच्या मिस्त्रींकडं योगायोगानं एक जुनी कॅम्पर ब्रेकच्या कामाला आली होती, आंबोलीकडच्या एका बागायतदाराची. त्यांनी मालकाला फोन लावून विचारलं आणि मला म्हणाले, “ताई, बसा. कागद वाचून गाडी कळत न्हाई.” त्यांनी आधी सिमेंटच्या अंगणातच लिव्हर ओढून चारही चाकांना जोर दिला आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवली. गाडी जणू कुणी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळली, टायर सिमेंटवर कुईकुई करत घासले. “आता कळलं?” ते म्हणाले. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले गेले की दोघांना एकाच वेगानं फिरावं लागतं. चिखलात चाक थोडं घसरून हा हिशेब मिटवून टाकतं. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर जातो. म्हणून महामार्गावर टू व्हील, पाणंदीच्या तोंडाशी फोर व्हील. “आणि उन्हाळ्यातबी महिन्यातनं एकदा लिव्हर टाकत जावा, न्हाईतर बसतंय जाम होऊन.” जुनी गाडी घ्यायची झाली तर हीच लिव्हर आधी हलवून बघावी, असंही त्यांचं मत. पत्र्याचा रंग नवा देता येतो, पण वर्षानुवर्षं न वापरलेली लिव्हर काही लपवू शकत नाही. मग खाली वाकून पुढच्या शाफ्टचे क्रॉस बघायचे, ॲक्सलला तेलाची ओल आहे का बघायची. पण फोर बाय फोरची जुनी कॅम्पर सहसा विकायलाच निघत नाही. ज्याला ती लागते तो ती मोडेपर्यंत वापरतो.

त्यानंतर आम्ही गावाबाहेरच्या खाणीच्या वाटेला गेलो आणि मिस्त्रींनी लो गिअर टाकला. इतके दिवस माझी समजूत होती की फोर बाय फोर म्हणजे जोरात जाणं. चिखल उडवत, इंजिन गर्जत. लो टाकल्यावर चाकं साधारण अडीचपट सावकाश फिरतात आणि ओढ तितकीच वाढते. पहिल्या गिअरमध्ये मिस्त्रींनी क्लच सोडला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून मांडी घातली (खरंच घातली), आणि गाडी चढ चढायला लागली. दगडावर चाक आलं की थांबल्यासारखी व्हायची, विचार केल्यासारखी, आणि वर सरायची. मी दार उघडून खाली उतरले आणि तिच्या बाजूनं चालायला लागले. मला मागं टाकायची तिला घाई नव्हती. आमच्या खिलारी जोडीबरोबर बाबा असेच चालायचे, एक हात गाडीच्या साठ्यावर ठेवून, बोलत बोलत. उतारावर तर तिचं रूप आणखी बघण्यासारखं. ब्रेकला पायच लावायचा नाही. चिखलात ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि गाडी तशीच घसरत जाते. लो गिअर इंजिनच्या दमानं गाडी धरून ठेवतो आणि एकेक पाऊल खाली उतरवतो.

माझं मन तिथं ठरलं असं म्हणायला हरकत नाही. ताकदीचे आकडे सगळे वेगासाठी छापतात. शेताला वेग लागत नाही, दम लागतो. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स या इंग्रज अभियंत्याला हे फार पूर्वी कळलं होतं. अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर तो लढाईतून उरलेली विलीज जीप वापरत असे. ती खिळखिळी झाली की पुढं काय, या शेतकऱ्याच्या प्रश्नातून 1948 साली लँड रोव्हर आली. पोलादाची टंचाई म्हणून पत्रा ॲल्युमिनियमचा, आणि पहिल्या नमुन्यात तर स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं मधोमध. पुढं राजेराण्या त्या गाडीत बसल्या आणि तिची किंमत शेतकऱ्याच्या हाताबाहेर गेली, हे वेगळं. आपल्याकडं 1947 पासून मुंबईत महिंद्रांनी त्याच विलीज जीप जोडायला सुरुवात केली. माझ्या लहानपणी फाट्यावर यायचं ते वडापही जीपच असायचं, पंधरा माणसं आत, तीन टपावर, आणि एक जण नुसता लोंबकळत.

गाडी ठरली तरी तिची उंची ठरायची होती. चिखलासाठी पोट जमिनीपासून जितकं वर तितकं बरं. पण त्याच गाडीतून आईला दर महिन्याला गडहिंग्लजच्या दवाखान्यात न्यायचं, आणि आईचे गुडघे गेलेले. मी तिला शोरूमला घेऊन गेले. तिनं नऊवारीचा काष्टा आवरला, दाराच्या खांबाला धरलं, एक पाय वर टाकला आणि तशीच थांबली. वर जाववेना, खाली येववेना. तो तरुण धावत आला. आईनं त्याला हातानंच लांब ठेवलं, दात आवळून वर चढली, सीटवर बसून काचेतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, “बसल्यावर झकास हाय. पायरी बसवून घे.” त्या पायरीवर आम्ही दोन आठवडे खल केला. शोरूमची पायरी शोभेची, लांबलचक नळी, आणि ती नेमकी वरंब्याला घासणार. शेवटी मिस्त्रींनी डाव्या पुढच्या दाराखाली बिजागरीची, आडवी दुमडणारी लोखंडी पायरी बसवून दिली. उतरताना पायानं उघडायची, चढल्यावर साखळीनं वर ओढून घ्यायची. आई ती साखळी स्वतः ओढते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

कागदाची बाजू रुक्ष आहे, पण ती आधी समजून घेतलेली बरी. कॅम्पर मालवाहू म्हणून नोंदते, पाटी पिवळी. त्यामुळं पासिंग मागं लागतं: पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. व्ही-क्रॉससारखी पांढऱ्या पाटीची गाडी त्या बाबतीत सुखी. एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आणि साध्या मोटारीचं लायसन्स चालतं. साडेसात हजार किलोंच्या आतल्या मालवाहू गाडीला वेगळं लायसन्स नको, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठानं कायम केलं. हौद्यात माणसं बसवायची मात्र नाहीत. आमच्याकडं लावणीच्या बायका, लग्नाचं वऱ्हाड, जत्रेची पोरं सगळी हौद्यातूनच जातात आणि कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते अपघात झाल्यावर, विमा कंपनीचं पत्र आल्यावर.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. 2020 पासूनच्या बीएस 6 डिझेल गाड्यांना धुरातली काजळी धरणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी तापून काही वेळ सलग पळावी लागते. नुसती घर ते दूध संस्था अशी गार इंजिनाची ये-जा केली तर गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. माझी रोजची गडहिंग्लजची नोकरी इथं कामाला आली. सकाळी पाणंद आणि संस्था, मग महामार्ग. म्हणजे त्या गुळगुळीत किलोमीटरांनाही शेवटी काहीतरी काम मिळालं. टायरची निवड मी लगेच उरकली: महामार्गाच्या बारीक नक्षीत चिखल भरला की चाकाचा गोटा होतो आणि मग चार चाकांना जोर देऊन चार गोटे फिरतात, म्हणून उघड्या, जाड नक्षीचे टायर. डांबरावर घुमतात, ॲव्हरेज थोडं खातात. खाऊ देत.

गाडी आली, दाराशी नारळ फुटला, पाटीला हळदीकुंकू लागलं, आणि त्याच संध्याकाळी गडग्यापलीकडचे अण्णा बघायला आले. अण्णांचा ट्रॅक्टर आहे, पाणंदीतली निम्मी चाकोरी त्यांची. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, टायर अंगठ्यानं दाबून बघितला, लिव्हर हलवून बघितली आणि मूळ मुद्द्यावर आले. “पोरी, आता फोर बाय फोर आली न्हवं? मग त्यो अर्ज घे की मागं.”

तो अर्ज पाणंदीचा. गावनकाशावर आमची पाणंद दुहेरी तुटक रेषेनं स्पष्ट दाखवलेली आहे, आणि तिची रुंदी आजच्यापेक्षा चांगली ऐसपैस. पण दोन्हीकडच्या नांगरांनी दरवर्षी एकेक तास आत सरकवत सरकवत ती आजच्या मापाला आणली, फणसापाशी तर गडगाच पुढं आला. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे. बांधावरून वाट मागायची झाली तर महसूल संहितेचं कलम 143. तहसीलदारांकडं मी गाडी बघायच्या आधीच गेले होते. गाडीवर भागलं असतं तर मलाही आवडलं असतं. पण पलीकडच्या वस्तीवर तीन घरं आहेत आणि त्यांच्याकडं लिव्हर ओढायला काही नाही. ती पोरं दप्तर डोक्यावर घेऊन चालतात आणि रुग्णवाहिका मुरमाच्या तुकड्यावरच थांबते. अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, “ते बी खरंच हाय,” आणि गडग्याबद्दल काहीच बोलले नाहीत.

सुनावणीची तारीख लागली तेव्हा नोटीस दोघांनाही आली. पावसाचे दिवस, आमच्या गावातून आजऱ्याला सकाळी वेळेवर एसटी नाही. मीच म्हटलं, “अण्णा, माझ्याबरोबरच चला, मी तिकडंच निघालेय.” ते टोपी सारखी करत आले, सवयीनं फाळक्याची कडी काढली आणि वर चढायला लागले.

“हौद्यात माणसं बसवायला बंदी आहे,” म्हटलं. “पुढं बसा. आणि ती साखळी ओढायला विसरू नका, आई विचारते.”